खरा निघालेला तांब्या

आमच्या लातूरच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते. मी मराठी शिकवायचे. बावीस वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये चहा प्यालो, पण त्यांना चित्र काढताना मी एकदाही पाहिलं नाही. पोरांनी विचारलं, "सर, आंबा कसा काढायचा?" तर ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "आंबा काढायचा नसतो. आंब्याचा विचार करायचा असतो." पोरं बिचारी विचार करत बसायची. एलिमेंट्रीच्या परीक्षेत झाडून सगळी नापास व्हायची आणि पालक येऊन मुख्याध्यापकांचं डोकं खायचे.

कुठल्याशा सुट्टीत ते महिनाभराच्या शिबिराला बडोद्याला गेले होते आणि तिथून असे होऊन आले, असं आमच्या शिपायाचं म्हणणं. "गेले तवा चांगले होते बाई. तितं कुणीतरी हवा भरली." ती हवा काही शेवटपर्यंत उतरली नाही. आल्या आल्या सरांनी स्टाफरूमच्या भिंतीवर एक रिकामी चौकट लावली आणि खाली चिठ्ठी डकवली: 'चोरीला गेलेले चित्र'. आम्ही दोन दिवस हसलो आणि विसरलो. पण तपासणीला आलेल्या साहेबांनी ती चिठ्ठी वाचली आणि शेऱ्यात लिहून गेले की चित्राच्या चोरीबाबत शाळेने खुलासा करावा. किल्ल्या शिपायाकडे असायच्या. झालं! त्या गरीब माणसाला न झालेल्या चोरीचा लेखी जबाब द्यावा लागला. रडकुंडीला आला होता तो. सर काय म्हणाले असतील? "त्याचा जबाब मला द्या. चौकटीत तोच लावतो." आणि लावला! शिपाई रोज त्याच्याखाली पाण्याचा माठ भरायचा.

स्वतःबद्दल त्यांनी खरं म्हणून काही सांगितलंच नाही. मला म्हणाले होते, माहूरला जन्म झाला, घरात गडावरच्या प्रसादाचं दुकान. शिपायाला सांगितलं, हैदराबादचे. बायको कधी माहेरी गेलेली असायची, कधी वारलेली. एकदा तर मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज दिला, कारण लिहिलं, 'पत्नी आजारी आहे असे समजावे.' मुख्याध्यापकांनी कपाळावर हात मारला आणि मंजूर केला. सरांचं लग्न झालेलं होतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. विचारलं की म्हणायचे, "बाई, तुम्हाला कोणतं बरं वाटतंय?"

शाळेच्या कंपाउंडला त्यांनी एक संगमरवरी पाटी बसवली होती. स्वतःच्या पगारातून, हे कबूल करते. त्यावर कोरलं होतं: 'निजामाचा हत्ती येथे तीन दिवस बसला होता.' बास. कोणता हत्ती, कधी, कशाला, काही नाही. महिन्याभरात समोरच्या शिंप्यानं दुकानाचं नाव 'हत्ती टेलर्स' केलं. दोन वर्षांत पाटीला कुणीतरी नारळ फोडायला लागलं. पुढे आमच्याच इतिहासाच्या बाईंनी स्थानिक इतिहास म्हणून वर्गात हत्ती लिहून दिला, आणि एका म्हाताऱ्यानं सभेत उभं राहून शपथेवर सांगितलं की लहानपणी मी त्याला माझ्या हातानं ऊस चारला. सर मागच्या बाकावर बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हो! म्हातारा खोटं बोलतोय म्हणून नव्हे, आनंदानं. "आता तो हत्ती खरा झाला," म्हणाले.

मला त्या वेळी त्याचं हसू आलं होतं. हत्तीनं कुणाचं काय वाकडं केलं, असं वाटायचं.

मग भूकंप झाला. विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. लातुरात आमच्या भिंतींना भेगा गेल्या, तेवढंच. किल्लारीकडच्या गावांत मात्र दगडमातीची, दोन-दोन हात रुंद भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. आम्ही शिक्षक भाकरी आणि चादरी घेऊन टेंपोतून गेलो. वरून पाऊस. काय बघितलं ते मी लिहिणार नाही, लिहिण्यासारखं ते नाही. सरही आमच्याबरोबर होते. त्यांनी एक भाकरी वाटली नाही, एक दगड उचलला नाही, नुसते उभे. मला वाटलं, बिचारे हादरले. परत येताना टेंपोत माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तो वास लक्षात ठेवलात का? तो दाखवता येणार नाही, तेवढीच पंचाईत आहे." मी टेंपो थांबवून ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

वर्षभर त्या भागात पाहुण्यांची रीघ लागली होती. फोटोवाले आले, सिनेमावाले आले, नुसतेच बघणारे आले. सर चिडचिड करायचे. "जो तो खरं दाखवून राहिला. खऱ्याला काय लागतंय? समोर दिसतंय ते कुणीही दाखवंल." आणि दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन लावायचं ठरवलं. नाव ठेवलं, 'उरलेलं'. ढिगाऱ्यातून निघालेली भांडी, आणि प्रत्येक भांड्याखाली एक चिठ्ठी.

आमच्याकडे नाव घातल्याशिवाय कुणी भांडं देत नाही. लग्नाचा आहेर असो की बारशाचा, भांड्याच्या दुकानात कारागीर बसलेलाच असतो, घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं नाव तिथल्या तिथं ठोकून देतो. मग भांडं चेपतं, घरात वाटण्या होतात, आणि ते नावासकट मोडीत जातं. मोडीतलं भांडं कुणी वाचत नाही. सरांनी वाचली. पोतंभर घेऊन आले.

आता माझं सांगते, कारण मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. चिठ्ठ्या मी लिहिल्या. माझं अक्षर चांगलं. सर मजकूर सांगायचे, मी बोरूनं लिहायचे. पहिल्यांदा मला वाटलं, भांडी खरोखर त्या गावांतून आणलीत. पाच-सहा चिठ्ठ्या झाल्या आणि एका पातेल्यावर मला नांदेडच्या भजनी मंडळाचं नाव दिसलं. मी म्हटलं, "सर, हे नांदेडचं पातेलं भूकंपात कसं?" तर हसायला लागले. लातूरच्याच गोलाईच्या बाजारातल्या भांड्याच्या गल्लीतून आणलेली मोड होती सगळी. गोष्टी त्यांच्या मनातल्या. "बाई, भांडं खरं, नाव खरं, माणूसही कुठंतरी खरा असणारच. मधला रस्ता तेवढा माझा."

"ही लोकांची फसवणूक झाली."

"फसवणुकीत कुणाचं तरी काहीतरी जातं. इथं कुणाचं काय जाणार?" आणि मग म्हणाले, "तुमच्या अक्षरात लिहिलं ना बाई, की खोटं वाटतच नाही."

तिथंच बोरू फेकून उठायला पाहिजे होतं. उठले नाही. चाळिशी उलटलेली होती माझी, घरात माझ्या स्वयंपाकाला कुणी बरं म्हणायचं नाही, आणि हा माणूस माझ्या अक्षराला असलं काहीतरी म्हणत होता. मी पुढची चिठ्ठी लिहायला घेतली. ती एका पितळी तांब्याची होती. तांब्यावर कोरलं होतं, 'चि. सौ. कां. कुसुम हिस मामाकडून सप्रेम भेट'. सरांनी डोळे मिटून मजकूर सांगितला: 'हा तांब्या हातात धरलेली बाई चौथ्या दिवशी जिवंत निघाली. तिने पाणी मागितले, ती प्याली, आणि मदतीला आलेल्या एका गाडीत बसून गेली. कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही.'

छान झालंय, असं मी म्हटलं. म्हटलं होतं, खोटं कशाला सांगू?

प्रदर्शनाला गर्दी झाली. मुंबईहून एक पाहुणे आले होते, मोठे कुणी होते म्हणे, ते प्रत्येक चिठ्ठीपुढे उभे राहून रुमाल काढत होते. सर त्यांच्यामागे हात बांधून. तेवढ्यात एक बाई आत आली. पन्नाशीची असेल, काष्ट्याचं लुगडं, कडेवर तीनेक वर्षांची नात. देवणीच्या बैलबाजारात भाकरी-पिठलं विकायची. मुलीच्या लग्नाचा बस्ता काढायला लातूरला आली होती, कुणीतरी सांगितलं की शाळेत भूकंपातली भांडी मांडलीत, म्हणून डोकावली. ती एकेका टेबलावरून पुढे सरकत आली आणि त्या तांब्यापाशी थांबली. वाचता येत नव्हतं तिला. तिनं नात खाली ठेवली, तांब्या उचलून छातीशी धरला आणि मला म्हणाली, "माय, हे काय लिवलंय वाचून दाखवा की."

मी वाचलं. आधी नाव, मग माझ्याच अक्षरातली चिठ्ठी, शुद्ध, स्पष्ट, वर्गात वाचायचे तशी.

ती म्हणाली, "कुसुम माझी थोरली. म्हंजी जित्ती हाय."

 पाहुण्यांनी पुन्हा रुमाल काढला. सर पुढे झाले आणि मला वाटलं, आता तरी हा माणूस सांगेल. ते म्हणाले, "मावशी, पुन्हा एकदा बोला बरं, कसं म्हणालात?" तिनं पुन्हा सांगितलं आणि सरांनी ते खिशातल्या वहीत लिहून घेतलं! अस्सं वाटलं, तिथल्या तिथं एक ठेवून द्यावी. पण मीसुद्धा बघतच राहिले ना? तांब्या परत टेबलावर ठेवून ती बाई नातीचा हात धरून निघून गेली, बस्ता न काढता.

संध्याकाळी हॉल झाडताना सर हात चोळत होते. "बघितलंत? रेषाच पुसली गेली."

"कसली रेषा?"

"खऱ्या-खोट्याची."

मी म्हटलं, "तुमच्या रेषेला आग लागो," आणि घरी आले.

आठवड्याभरात शिपायानं बातमी आणली. त्याची सासुरवाडी देवणीची. त्या बाईची थोरली, कुसुम, किल्लारीकडच्या गावात दिलेली. नवरा एस.टी.त कंडक्टर, भूकंपाच्या वेळी ड्युटीवर होता म्हणून वाचला. पोरगी आजीकडे गणपतीला आलेली, म्हणून वाचली. कुसुमचं प्रेत त्याला बघायलाच मिळालं नाही. त्या पावसात कितीतरी जणांचं एकत्रच उरकलं होतं. वर्ष झाल्यावर दोन्ही घरांनी ठरवलं की धाकटी सुनंदा जावयाला द्यायची. पोरीला मावशीच आई होईल, जावईही चांगला. सुनंदाही राजी होती. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली होती. आणि आता म्हातारी अडून बसली होती. थोरली जिवंत असताना धाकटीला तिच्याच नवऱ्याशी कशी उजवू? "सोलापूर झालं, उमरगा झालं, दवाखाने धुंडून राहिली बाई ती," शिपाई म्हणाला. "कंडक्टर म्हन्तोय, तुळशीपतूर हो म्हना, न्हाईतर पोरीला घेऊन जातो आन् दुसरीकडं बघतो."

मी दुसऱ्याच दिवशी देवणीची एस.टी. धरली.

ती चुलीपाशी भाकरी थापत होती. सुनंदा पोरीची वेणी घालत होती. मी आडवळण न घेता सांगून टाकलं. म्हटलं, मावशी, ती चिठ्ठी मी लिहिली. खोटी आहे. भांडी भूकंपातली नाहीतच, लातूरच्या बाजारातली मोड आहे. कुणी जिवंत निघालं नाही. माझं चुकलं.

तिनं भाकरी उलटली. "मोडीतला व्हय? मग त्याच्या बुडाला डाग हाय का न्हाई, ते सांगा. येका अंगाला, करंगळीयेवढा."

मला ठाऊक नव्हतं.

"कुसीच्या लग्नात ह्या सुनंदाच्या हातनं पडला त्यो. वऱ्हाडाला पानी देत हुती. बूड फुटलं. दुसऱ्या दिशी हितंच बाजारात डाग देऊन घेतला आन् मग पाठवला लेकीसंगं. जा, बगा जाऊन."

"मावशी, तांब्या कसाही असो, लिहिलेलं खोटं आहे."

"तोंडानं कुनीबी कायबी बोलतंय माय. तितं लिवलेलं हाय."

सुनंदा खाली मान घालून वेणी घालत होती. घट्ट ओढत होती, पोरगी कळवळली तरी.

लातूरला आले ती सरळ हॉलमध्ये गेले आणि तांब्या उलटा केला. बुडाला, एका अंगाला, करंगळीएवढा डाग होता.  मोडवाल्या दुकानदाराकडे गेले, तर तो म्हणाला, "त्या साली तिकडची लई मोड आली बाई. कुणी कुठून आणली ते कोण विचारतंय?" म्हणजे ढिगाऱ्यातून कुणीतरी उचललेला तो तांब्या फिरत फिरत सरांच्या पोत्यात आला होता. शंभर भांड्यांत एक खरं निघालं होतं आणि आम्ही नेमकी त्यालाच ती चिठ्ठी लावली होती.

सरांना जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस हलेल. ते खरोखरच हलले. तोंड पडलं त्यांचं. "खरा? नक्की खरा?"

"डाग बघून आले."

"अरेरे," म्हणाले. "मग तो प्रदर्शनात चालणार नाही."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. ते समजावून सांगायला लागले, वर्गात आंब्याचं सांगायचे तसं. एक जरी वस्तू खरी निघाली तरी सगळी कल्पना ढासळते. मग ते नुसतं भूकंपाचं प्रदर्शन होतं, असलं कुणीही लावेल. त्यांनी तांब्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "घेऊन जा. आमचं नुकसान झालं, पण जाऊ दे."

मी म्हटलं, "सर, माझ्याबरोबर देवणीला चला. तुमच्या तोंडानं सांगा की गोष्ट तुम्ही रचली. त्या पोरीचं लग्न मोडायला आलंय."

"मी का येऊ? खरं मानायला मी कुणाला सांगितलं होतं?"

त्या दिवशी मी त्यांना काय काय बोलले ते मला आठवत नाही. शिपायाला आठवतं, आणि त्याला त्यातलं फार आवडलं होतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सावकाश म्हणाले, "बाई, तिला खरं नकोय. तिला चिठ्ठी पाहिजे."

संतापानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ते खरं होतं.

दुपारी घरी जाऊन मी जेवणाचं टेबल पुसलं, बोरू काढला आणि चिठ्ठी लिहिली. माझी मीच, कुणी सांगितली नाही. लिहिलं की कुसुमला सोलापूरच्या एका दवाखान्यात नेलं होतं. अकराव्या दिवशी ती गेली. दुखत नव्हतं. एका सिस्टरनं शेवटपर्यंत हात धरला होता. शेवटी तिनं पाणी मागितलं आणि म्हणाली, 'माझं लेकरू सुनंदाच्या पदरात घाला.' इतकी वर्षं मी पोरांना निबंध शिकवले. तसला निबंध मी कधी लिहिला नव्हता. एक खाडाखोड झाली नाही.

दुसऱ्या दिवशी देवणीला म्हातारीनं ती चिठ्ठी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. तांब्या मांडीवर होता. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "सिस्टरनं पानी दिलं का?"

"दिलं," मी म्हणाले.

तेव्हा ती रडली. वर्षभर रडली नव्हती, असं सुनंदा म्हणाली. पोरगी आजीचं तोंड पुसत होती. लग्न तुळशीनंतर, धरल्या तारखेलाच झालं. मला आग्रहाचं बोलावणं आलं, मी गेले, पंगतीत बसून बुंदी खाल्ली. सुनंदा पाया पडली. मी तिला एक पातेलं दिलं, त्यावर नाव न घालता. लोकांना ते विचित्र वाटलं.

सरांशी मी बोलणं टाकलं. पण त्यांना शिपायाकडून सगळं कळलंच. माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभात, मुख्याध्यापक भाषण करत असताना, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, मी शंभर चिठ्ठ्या रचल्या. तुमच्या एकीची सर नाही." त्यांना वाटलं, ते माझं कौतुक करतायत.

नंतर मी नांदेडला मुलाकडे राहायला आले. इथं तोवर गल्लोगल्ली क्लास झाले होते, चौकाचौकात टॉपरांचे चेहरे. एका चौकात तीन मजली फलक होता: हिमायतनगरचा एक मुलगा, वडिलांचं सायकल पंक्चरचं दुकान, देवळाच्या ओट्यावर अभ्यास करून डॉक्टर झाला. पोरं क्लासला जाताना त्याला नमस्कार करायची. मी चष्मा पुसून बघितलं, तर तो आमचा शिपाई! विशीतला फोटो, शाळेच्या फाइलमधला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे कुणाचं काम. सर शाळा सुटल्यावर नांदेडच्या त्याच क्लासात जाहिराती करायला लागले होते. हिमायतनगरहून दहा-बारा लोक शाल-श्रीफळ घेऊन त्या मुलाचा सत्कार करायला आले होते, ते मला नंतर कळलं. सरांनी त्यांना सांगितलं, तो परदेशी गेलाय. ते शाल क्लासच्या टेबलावर ठेवून गेले. सर थंडीत तीच पांघरून बसायचे.

एके दिवशी त्यांचा निरोप आला. क्लासच्या भिंतीवर टॉपरांची मनोगतं लिहायची आहेत, अक्षर तुमचंच पाहिजे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडावर नाही म्हणायचं, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं सुनावून यायचं, म्हणून मी गेले. ते प्रवेशाच्या खिडकीशेजारी बसले होते, हाडांचा सांगाडा, खांद्यावर ती शाल. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली.

"बाई, वळखलं का?"

सुनंदा होती. केस पांढरे व्हायला लागलेले. तिच्या शेजारी एक उंच मुलगी, हातात प्रवेशाचा फॉर्म. "हीच ती," सुनंदा म्हणाली. "कुसाताईची." मग म्हातारी गेल्याचं सांगितलं, दोन वर्षं झाली म्हणे. जाताना त्याच तांब्यातून पाणी प्याली. मुलगी वाकून माझ्या पाया पडली.

"बाई, ती चिठ्ठी आमच्याकडे आहे," ती म्हणाली. चांगली मराठी बोलत होती, माझ्या वर्गात शोभली असती. "आजीनं फ्रेम करून देवघरात लावलीय. मी अक्षर गिरवायला शिकले ते तिच्यावरूनच."

मी सरांकडे बघितलं नाही. ते ऐकत होते, हे मला न बघताच कळत होतं.

"मेडिकलला नंबर लागला तर ठीक," ती पुढे सांगत होती, "नाही लागला तर नर्सिंग. पण सोलापूरलाच जाणार. त्या सिस्टरला शोधायचंय मला. आईचा हात धरून बसल्या होत्या, त्या. अजून नोकरीत असतील ना? तुम्हाला त्यांचं नाव ठाऊक असेल."

सुनंदाही माझ्याकडे बघत होती. बाहेर चौकात आमचा शिपाई तीन मजली हसत होता. खुर्चीत सरांनी शाल घट्ट ओढून घेतली आणि, मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काही ऐकायचं नव्हतं. मान हलवत होते ते, नाही म्हणून, मला.

"मंगल," मी म्हणाले. जरासुद्धा अडखळले नाही. "मंगल सिस्टर."

मुलीनं फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते नाव लिहिलं आणि कागद माझ्यापुढे धरला. अक्षर हुबेहूब माझं होतं.

"बरोबर लिहिलं का, बाई?"

मी वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे."